समासातली ओळ

टाचण म्हणजे काय, हे मी इंजिनियरला चौथ्यांदा सांगत होते. "उद्याच्या तासाला काय शिकवायचं, मुलं कुठे अडखळतील, तेव्हा आपण काय करायचं. आदल्या दिवशी लिहून काढायचं, बस."

"बाई, बावीस वर्षं पूल बांधलेत मी. अपूर्णांक शिकवायला कागद कशाला?"

"पूल नकाशाशिवाय बांधलेत?"

इंजिनियर हसला आणि चहा प्यायला गेला.

गणित विभागात आम्ही तिघं. मी विभागप्रमुख, म्हणजे बोलणी खाणारी. कंपनी बुडाल्यावर शाळेत आलेला हा इंजिनियर. आणि मुख्याध्यापकांची मेहुणी, जिला पाठीमागे सगळे मेहुणीच म्हणतात. दोघंही सहा महिन्यांपूर्वी आलेले, शिकवण्याचं प्रशिक्षण दोघांनाही नाही. मेहुणीचं म्हणणं, "मला आतून सुचतं." तिला जे आतून सुचतं त्यापायी तिच्या तुकडीतली मुलं अर्ध्यात पाव मिळवून दोन षष्ठांश काढतात.

शुक्रवारी तपासणी होती. टाचणवह्या नसतील तर दोघांना घरी पाठवतील आणि वर्षअखेरपर्यंत बदली कुणी मिळणार नाही, हे मुख्याध्यापकांनी माझ्या नजरेला नजर न देता सांगितलं. म्हणजे सातवीच्या तीन तुकड्या आणि मी एकटी. मी हात जोडले, आवाज चढवला, एकदा तर बाथरूममध्ये नळ सोडून नुसती उभी राहिले. त्या दोघांना ढिम्म फरक पडला नाही. गुरुवारी मी माझीच वही त्यांच्यापुढे आपटली. "नमुना म्हणून बघा आणि आपापलं लिहा. पाया पडते."

शुक्रवारी सकाळी दोन भरलेल्या वह्या पाहून मला इतकं हायसं वाटलं, की त्या उघडून वाचल्याच नाहीत. तिथेच मी माती खाल्ली.

तपासनीस बाईंनी मात्र वाचल्या. तिन्ही वह्या शेजारी शेजारी मांडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मी कधीतरी स्वतःपुरती समासात खरडली होती, आणि दोघांनीही ती इमानेइतबारे उतरवली होती. बाईंनी इंजिनियरची वही उचलून मोठ्याने वाचलं, "आज कुणालाच काही समजलं नाही. मी घरी जाऊन रडले." मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "रडले?"

मेहुणीला हसू फुटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नमुना माझा, चूक माझी," मी म्हटलं. "त्यांना एक महिना द्या."

"सहा महिने होते की," असं म्हणत त्यांनी शेरा लिहिला. दोघांनी सोमवारपासून येऊ नये.

शिक्षकांच्या खोलीत इंजिनियर आपला खण रिकामा करत होता. मला त्याला फाडून खावंसं वाटत होतं. "निदान वाचून तरी उतरवायचं."

"वाचलं होतं," तो म्हणाला. त्याने वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि 'रडले'ला एक काना जोडला. "एवढंच राहिलं होतं. बाकी ओळ खरी आहे. पहिल्या आठवड्यापासून."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"कुठे लिहायचं होतं, बाई? तुमच्या टाचणात त्याला रकाना नव्हता."

वही माझ्यासमोर ठेवून तो गेला. सहा महिन्यांत मी त्याच्याकडे टाचणाखेरीज दुसरं काहीच मागितलं नव्हतं.