धक्क्यावरचा कंदील

मित्रांनो, मी एक जुना, पत्र्याचा कंदील आहे. आता माझ्यात घासलेट नसते. ठाण्याच्या खाडीकाठी एका घराच्या मागच्या पडवीत मी खुंटीला लटकलेला असतो. वारा आला की थोडा हलतो, आणि हलताना मला जुने दिवस दिसू लागतात.

माझा पत्रा कल्याणच्या बाजारात कापला गेला. काच आगबोटीतून आली. दुकानात माझ्याहून देखणे कंदील होते, पण सुमतीबाईंनी माझी जाड कडी हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "हा वाऱ्यात पडायचा नाही."

त्यांचे यजमान सदाशिवराव फणसे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. खाडीपलीकडच्या मिठागरांचा सारा कारभार ते पाहत. पुढे सरकारने त्यांना गावच्या म्युनिसिपल कमिटीवर नेमले. गावातले रस्ते, विहिरी, दिवे यांचे निर्णय ते घेऊ लागले. पण रोज अंधार पडता पडता गुणाजी नाखव्याच्या होडीतून ते घरी येत, तेव्हा धक्क्यापाशी पाण्यात बुडालेले काळे दगड कोणाला दिसत नसत. म्हणून सुमतीबाई मला धक्क्यावरच्या खांबाला टांगू लागल्या.

"कमिटीत तुम्ही, आणि दिवा मी लावायचा होय?" त्या म्हणत.

"ठराव मांडतो."

"मांडा. ठराव होईपर्यंत घासलेट माझं."

रोज त्या राखेने माझी काच पुसत, वात कापत, मला पेटवून हात जोडत. भरतीचे पाणी खांबाशी येई. धुके उतरे, आणि माझा उजेड पाण्यावर लांबवर पसरे. मला वाटे, खाडीच माझ्याकडे चालत येते आहे. मग धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येई, मागून कोळ्यांच्या होड्या. दिवेलागणीची वेळ असे, म्हणून होडीतली माणसे लांबूनच मला नमस्कार करत.

एका वर्षी गावात खांबांवर दिवे लावायचे ठरले. भाऊसाहेबांनी जेवताना सांगितले, की धक्का आपणच वगळायला लावला. तिथे दिवा आहेच, मग तिथला खांब दुसऱ्या आळीला मिळू दे. सुमतीबाई नुसत्या हसल्या. मला मात्र आपण सरकारी झाल्यासारखे वाटले.

पुढच्या हिवाळ्यात सुमतीबाईंना ताप आला आणि त्यातच त्या गेल्या.

जिथे त्यांनी प्राण सोडला, तिथे रीतीप्रमाणे पणती ठेवली. ती विझू द्यायची नसते. भाऊसाहेब तिच्यापाशी बसून राहिले, तेल घालत राहिले. वारा लागू नये म्हणून मागचे दारही त्यांनी लावून घेतले. त्या दाराबाहेर खुंटीला मी विझलेला होतो.

तेरावा झाल्यावर गुणाजी भेटायला आला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. भाऊसाहेबांनी विचारले तेव्हा होडी दगडावर गेली एवढेच त्याने सांगितले. मग जरा थांबून तो म्हणाला, "बायचा दिवा दिसला नाय. तवाच आमी समजलो, बाय गेली."

गुणाजी गेल्यावर भाऊसाहेबांनी मागचे दार उघडले आणि मला खाली काढले. माझी काच खाऱ्या वाऱ्याने पांढुरकी झाली होती. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली, तर ती जास्तच धुरकटली. वात वाकडी कापली गेली, आणि मी एका बाजूने काजळी धरली. त्यांनी ती पुन्हा कापली.

"रोज करायची ती हे," ते मलाच म्हणाले.

कमिटीच्या बैठकीला ते मला घेऊन गेले आणि टेबलावर ठेवले. एका सभासदाने आठवण करून दिली, "भाऊसाहेब, धक्क्यावर दिवा आहे असं तुम्हीच म्हणाला होता."

"तो कमिटीचा नव्हता," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या घरातली बाई तो लावत होती. मी त्या उजेडात रोज घरी आलो, आणि दिवा तिथे आपोआप असतो असं धरून चाललो."

दिवा मंजूर झाला. खांब येईपर्यंत भाऊसाहेब मिठागरांवरून उजेड असतानाच परत येत. काच पुसत, मला टांगत, आणि शेवटची होडी लागेपर्यंत धक्क्यावर बसून राहत.

आता तिथे कमिटीचा दिवा जळतो. मला कोणी पेटवत नाही. तरी दिवेलागणीला भाऊसाहेब माझी काच राखेने पुसतात, आता अगदी स्वच्छ. कोणी विचारले तर म्हणतात, "काच आहे, धूळ बसते." पडवीत बसून ते धुक्याकडे पाहतात. मीही पाहतो. कधीकधी दोघांनाही कडी हलल्याचा आवाज येतो, आणि वारा तर पडलेला असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी गोष्ट रोज आपोआप होत असेल. आज संध्याकाळी जरा थांबून पाहा, ती कोण करते. आणि ते माणूस आहे तोवरच एकदा त्याच्या हातातले फडके आपल्या हातात घ्या.