ताऱ्यांची थरथर

वाल्देमारने मला न विचारता ते काढून टाकलं, आणि मला कळलं ते भर प्रदर्शनात.

मोन्तेविदेओत आम्ही दोघं मिळून अंतराळातल्या लढाईचा गेम बनवत होतो. त्यात जहाजावर पडदा ओढता येतो, म्हणजे जहाज अदृश्य होतं. त्याचे नियम मी ठरवले होते. पडद्याआडून गोळी झाडायची नाही. आतली उष्णता वाढली की पडदा सोडावाच लागेल. आणि असं जहाज सरकताना बारीक गुणगुण ऐकू येईल, मागचे तारे किंचित थरथरतील. लपणाऱ्याला लपायची मजा, तशी शोधणाऱ्याला शोधायची संधी नको का?

प्रदर्शनात पहिली खेळायला बसली माझी धाकटी बहीण रोसीओ. ती जन्मापासून बहिरी. घरी तिने या गेममध्ये मला कितीदा धूळ चारलीये. ती थरथर तिच्याइतकी पटकन कुणालाच दिसायची नाही. त्या दिवशी मात्र तिचं जहाज फुटलं. पुन्हा फुटलं. रांगेतला एकजण हसत म्हणाला, "अहो ताई, आवाज आला की वळायचं!"

रोसीओने माझ्याकडे वळून हातांनी विचारलं, "तारे का थरथरत नाहीत?"

मी वाल्देमारकडे बघितलं. बगलेत गरम पाण्याचा थर्मॉस धरून तो निवांत माते, आमच्याकडचा कडू चहा, नळीने ओढत उभा होता.

"काढलं ते," तो म्हणाला. "अदृश्य म्हणजे अदृश्य, माइते. गुणगुण ठेवलीये की."

"ऐकणाऱ्यांसाठी ठेवलीस!"

"अगं, बहिरे असे किती जण खेळणारेत?"

माझं डोकंच फिरलं. "बस इथे," मी म्हटलं. "हेडफोन न लावता. हिच्याशी खेळ."

भोवती माणसं जमली होती, त्याला नाही म्हणता येईना. रोसीओने पडदा ओढला आणि थेट त्याच्या पाठीमागे उघडला. त्याचं जहाज फुटलं. पुढचा डावही तसाच गेला.

"ही काय पद्धत आहे?" तो ओरडला. "माणसाला कळणार कसं?"

मी ते रोसीओला खुणांनी सांगितलं. तिचं उत्तर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, "ती म्हणतेय, मी मघापासून तेच विचारतेय."

आवराआवर करताना तो आमच्याकडे आला. "सेटिंगमध्ये बटण देतो. दिव्यांगांसाठी. ज्याला हवं त्याने चालू करावं."

मी सांगितल्यावर रोसीओने टेबलावर हात आपटला. मग तिची बोटं इतकी भराभर चालायला लागली की त्यांच्या खुणा पकडताना माझी तारांबळ उडाली. "मेहेरबानी नकोय. मी जिंकले की लोक म्हणणार, हिला सवलत होती. सगळ्यांना दिसू दे, नाहीतर गुणगुणही काढ."

गुणगुण काढायची म्हटल्यावर वाल्देमारचं तोंड उतरलं. ती त्याने स्वतः रचली होती. अखेर तारे परत आले, सगळ्यांसाठी.

गेम बाजारात आल्यावर रेडिओवर वाल्देमारची मुलाखत झाली. बाकी काही नाही तरी गेममधली ताऱ्यांची थरथर लोकांना फार आवडली होती. "ते कसं सुचलं?" मुलाखत घेणारीने विचारलं.

"सहज," वाल्देमार म्हणाला. "मला पहिल्यापासून वाटत होतं, सगळ्यांना खेळता यायला हवं."

मी रेडिओ बंद केला आणि रोसीओला ते शब्दन् शब्द सांगितलं. ती खांदे उडवून म्हणाली, "जाऊ दे. तारे आहेत ना आता?"

तिने दिलं असेल सोडून. मी नाही देणार.