प्यो मंत्र्यांची तसबीर

माझे यजमान मेंग दोकबो राजधानीत, हानयांगला, राजाच्या दरबारी चित्रशाळेत एकतीस वर्षं होते. बांबू, डोंगर, धुकं रंगवणं ही उच्चकुळीच्या विद्वानांची हौस. यांच्या वाट्याला चेहरे. घराणं ज्यांच्यापुढे डोकं टेकवतं, त्या पूर्वजांच्या तसबिरी हे काढायचे.

म्हातारे प्यो मंत्री अंथरुणाला खिळले तेव्हा यांनाच बोलावणं आलं. दुखण्यानं चेहरा काळापिवळा पडलेला, त्यात देवीचे व्रण. म्हातारा म्हणाला, "भीड ठेवू नकोस, दोकबो. एक केस खोटा काढलास तरी तो मी नव्हे. माझी नातवंडं परक्याच्या पाया पडतील."

तसबीर रेशमी कापडावर होती; यांनी कापडाच्या मागल्या बाजूनं रंग भरून तो काळपटपणा आणला. रंग मीच खलत होते. चेहरा पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला.

तसबीर पुरी झाली त्याच आठवड्यात मंत्री गेले. थोरला मुलगा सुतकाच्या जाड्याभरड्या कपड्यांत पाहायला आला.

"हे काय? माझ्या बापाचं भूत केलंस?"

"सरकार, त्यांचीच आज्ञा होती."

"आता आज्ञा माझी. डाग झाक. लोक काय म्हणतील?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, नाही म्हणा की."

"नाही म्हणायला मी काय विद्वान आहे? चितारी आहे मी."

चार दिवस हे पुढून रंगाचे हात देत राहिले. चेहरा गोरा, गुळगुळीत झाला.

वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले. तसबीर टांगायला यांनाही बोलावलं होतं. मंत्र्यांचा सत्तरीचा धाकटा भाऊ वाकता वाकता थांबला. "हा कोण?"

कुणीच नमस्कार करेना. थोरल्यानं सरळ यांच्याकडे बोट दाखवलं. "या चिताऱ्यानं घाण केली." अंगणातच तसबीर जाळली आणि महिन्याच्या आत यांना चित्रशाळेतून काढलं. हे रंगांची पेटी घेऊन घरी आले. मला म्हणाले, "खोटं कुठं बोलला तो? केलीच की मी."

मग आठवणीतून पुन्हा काढायला बसले. दर वेळी कागदावर तोच गुळगुळीत चेहरा यायचा.

"डाव्या गालावर व्रण किती गं होते?"

मला सांगता येईना.

"मंत्र्यांच्या भावाला विचारून येतो," असं रोज म्हणायचे, पण जायचा धीर होईना. एकदाचे कपडे करून निघाले, तर दारात त्या म्हाताऱ्या भावाचीच तिरडी बांधणं चाललेलं.

परत आले, टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "आता ते व्रण सांगणारं कुणी उरलं नाही."