अख्खा वॉर्ड माझ्या नावावर

आमच्या वॉर्डात सोळा खाटा, अकरा माणसं आणि एकच कॉम्प्युटर. अकराही जणांना कॉम्प्युटर खात्यानं आपापला पासवर्ड दिला होता. वापरात होता फक्त माझा. मी वॉर्डची मोठी सिस्टर. सकाळी सातला मीच मशीन उघडायचे आणि दुपारी घरी जाईपर्यंत ते माझ्याच नावानं उघडं असायचं. ज्याला जे लिहायचं असेल त्यानं येऊन लिहावं. तीन मिनिटं कुणी हात लावला नाही की ते मेलं बंद व्हायचं, म्हणून ज्युनिअर डॉक्टरांनी कीबोर्डच्या कडेच्या एका बटणावर औषधाची भरलेली बाटली आडवी ठेवायची युक्ती काढली. काय ते डोकं! त्यातूनही बंद पडलंच, तर माझा पासवर्ड बीपीच्या मशीनमागे चिकटपट्टीवर लिहिलेला होता. माझ्याच अक्षरात.

कॉम्प्युटर खात्यातला एक गृहस्थ वर्षातून एकदा यायचा आणि पासवर्ड कुणाला देऊ नका म्हणून तासभर डोकं खायचा. इकडे पेशंट हाका मारून मारून घसा कोरडा करतायत आणि ह्या बाबाचं पुराण संपत नाही. आम्ही माना डोलवायचो, हजेरीवर सह्या ठोकायचो आणि पळायचो.

माझी भाची माझ्याच वॉर्डात. ताईची थोरली. तिला नर्सिंगला मीच घातलं, इथे चिकटवलंही मीच. घरी मला मावशी म्हणायची, पण वॉर्डात मावशी म्हटलं की लादी पुसणाऱ्या बायका ओ देतात, म्हणून मी तिला बजावलं होतं, इथे सिस्टर म्हणायचं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सिस्टर, मी माझा पासवर्ड टाकू का?" मी म्हटलं, "कशाला नसता उद्योग? माझं उघडंच आहे, त्यात लिही." हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून चालायचं नाही.

त्या मंगळवारी सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त ड्रायव्हर आला. पायाची जखम चिघळली होती. त्याच्या बायकोनं भाचीला सांगितलं, यांना पेनिसिलिन चालत नाही, मागे जिवावर बेतलं होतं. भाची लगेच मशीनपाशी गेली. बाटली उचलली, अ‍ॅलर्जीच्या रकान्यात पेनिसिलिन लिहिलं, बाटली परत ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागली. पडद्यावर कुणीतरी सहा नंबरच्या पेशंटची फाइल उघडी टाकून गेलं होतं. वरचं नाव वाचायचं राहिलं. सहा नंबरच्या आजोबांना नसलेली अ‍ॅलर्जी चिकटली आणि सात नंबरचा रकाना कोरा राहिला. कोरा रकाना बघून दुपारी डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं, दुसऱ्या नर्सनं ते दिलं. दहा मिनिटांत ड्रायव्हरचा गळा सुजला, श्वास अडकला. माणूस वाचला, पण मेंदूला हवा पोचायला उशीर झाला होता. आता तो बायकोला ओळखत नाही.

मशीन म्हणतं, अकरा वाजून वीस मिनिटांनी ती नोंद मी केली. तेव्हा मी दुसऱ्या एका पेशंटची चाकाची खुर्ची धरून एक्स-रेच्या रांगेत उभी होते.

भाचीनं मला चादरींच्या खोलीत गाठलं. हुंदके देत होती. "मावशी, मी लिहिलं होतं गं. मला वाटलं त्यांचीच फाइल आहे."

"चौकशीच्या कमिटीपुढे हे सांगशील?"

तिनं हो म्हणून मान हलवली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "रडू नकोस. मशीन सगळेच वापरत होतो, सगळे मिळून सांगू. एकटीच्या गळ्यात कुणी मारणार नाही." मला तसं मनापासून वाटत होतं, इतकी मी खुळी.

कमिटीत तीन माणसं. त्यांनी आधी ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, एका सिस्टरला सांगितलं होतं, चेहरा आठवत नाही. मग माझ्यासमोर एकेकाला बोलावून विचारलं, सिस्टरांचा पासवर्ड तुम्हाला माहीत होता का? ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "छे, माझा मला आहे ना." बाकीचेही तेच म्हणाले, जणू पाठ करून आले होते. बीपीच्या मशीनमागची चिकटपट्टी तर सकाळीच कुणीतरी खरवडून काढली होती.

शेवटी भाची आली. जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही. सिस्टर स्वतःच लिहायच्या."

सिस्टर म्हणाली. मी शिकवलेलं पोरीनं बरोब्बर लक्षात ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मी एक्स-रेला होते, तिथल्या वहीत माझी सही आहे."

अध्यक्ष म्हणाले, "मग तुमच्या नावानं लिहिलं कुणी?"

भाचीचं नाव ओठांवर आलं होतं. ती स्वतः बोलेल म्हणून मी थांबले. ती जमिनीकडेच बघत होती. मी म्हटलं, "माहीत नाही."

"म्हणजे तुम्ही लिहिलं असेल तर चूक तुमची, आणि नसेल तर पासवर्ड वाटलात, तीही तुमचीच."

त्यांनी मला निलंबित केलं. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि घरी जाताना लिफ्टमध्ये कुणी माझ्याकडे बघेना. भाचीसुद्धा जिन्यानं गेली. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. भाची. माफी मागेल असं वाटलं.

"मावशी, तुझा पासवर्ड चालत नाहीये गं. बदललास का?"

"तुला तर तो माहीतच नव्हता ना?"

तिच्या मागून डॉक्टरांचा आवाज आला, "मिळाला का?"

"मावशी, नंतर काय ते बोल मला. नवीन पेशंट आलाय, सगळे खोळंबलेत."

"तुझ्या नावानं उघड."

"मला माझा आठवत नाही."

"मग डॉक्टरांच्या नावानं उघडा."

"त्यांनाही आठवत नाही. कुणालाच आठवत नाही, मावशी. आम्हाला कधी लागलेच नाहीत."