जिंकेल त्याच्याकडे आई

आईचा गुडघा आणि तिसरा मजला यांचं जमेनासं झालं, तेव्हा कुठे दोघे भाऊ एका रविवारी दुपारी एकाच सोफ्यावर बसले. एरवी त्यांची भेट फोनवर व्हायची, तीही वाढदिवस विसरल्याबद्दल माफी मागण्यापुरती. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की रोज बावन्न पायऱ्या चढायच्या असतील तर पुन्हा ऑपरेशनची तयारी ठेवा. म्हणजे आईला इथून हलवायचं होतं. कुठे, एवढंच ठरायचं होतं.

थोरला लिफ्टची तपासणी करणारा इन्स्पेक्टर. त्याच्या इमारतीला लिफ्ट होती, आणि ती ठणठणीत असल्याच्या दाखल्यावर सहीही त्याचीच होती. तरी चहाचा पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "आमच्या लिफ्टचा काही भरवसा नाही गं. मधेच अडकते."

धाकट्याचं चष्म्यांचं दुकान आणि दुकानामागेच घर. चढायला एक पायरी नाही. "तळमजल्याला ओल फार," तो म्हणाला. "गुडघ्याला ओल म्हणजे विषच."

दोघे काही वाईट नव्हते. आईला रात्री-अपरात्री काही झालं असतं तर दोघेही धावत आले असते, रडलेही असते. फक्त रोज सकाळी सात वाजता बाथरूमच्या दाराबाहेर आई टॉवेल घेऊन उभी आहे, हे चित्र दोघांनाही बघवत नव्हतं. थोरल्याकडे तर आणखी एक कारण तयार होतं. "दोनच खोल्या, त्यात मुलीचा अभ्यास" हे वाक्य त्याने जिना चढताना तीनदा घोळवलं होतं.

आईने दोघांचं ऐकून घेतलं, बिस्किटाचा चुरा बशीत झटकला आणि टीव्हीखालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

"लहानपणी तुमचं एकमत होत नसलं की काय करायचात रे?"

कप्प्यात टीव्हीला जोडून खेळायचा फुटबॉलचा तो जुना व्हिडिओ गेम होता. करड्या रंगाचं खोकं, त्यावर आईने जुन्या पडद्याचं शिवलेलं आवरण, धुळीचा कण नाही. थोरल्याला एकदम भरून आलं. खिडकीशी कोण झोपणार, दूध कोण आणणार, फुटलेल्या काचेचा दोष कुणी अंगावर घ्यायचा, सगळ्याचा निकाल या खोक्यावर लागायचा. आईने आठवण म्हणून जपून ठेवलंय बिचारीने, असं त्याला वाटलं.

"मॅच लावा," आई म्हणाली. "जिंकेल त्याच्याकडे मी."

आता यावर नाही कोण म्हणणार? त्याला जी छाती लागते ती दोघांकडेही नव्हती.

पहिला पेच कंट्रोलरचा पडला. कंट्रोलर दोन होते. एक चांगला, आणि दुसऱ्याचं फटक्याचं बटण दाबलं की अडकून बसायचं. चांगल्यासाठी दोघांनी एकेकाळी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. धाकट्याच्या भुवईवरची खूण त्याच भांडणातली. आज थोरल्याने चांगला कंट्रोलर दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे तू. धाकटा आहेस."

"छे छे, दादा, मान तुझा."

"अरे, मला काय, कुठलाही चालतो."

"मला अडकणाऱ्याचीच सवय आहे. जन्मभर तोच दिलास तू."

हे मात्र खरं होतं. चांगला कंट्रोलर थोरल्याच्या गळ्यात पडला.

शिट्टी झाली. थोरल्याच्या आठवणीतले खेळाडू घामाघूम व्हायचे, धापा टाकायचे. आता बघतो तर चौकोनी डोक्यांची, बोटं नसलेली बाहुली, आणि प्रेक्षक म्हणजे रंगवलेला पुठ्ठा. एवढ्यासाठी आपण ताटावरून उठायचो? त्याने चेंडू अदबीने धाकट्याच्या माणसाच्या पायात दिला. धाकट्याने तितक्याच अदबीने परत केला. बराच वेळ हा पाहुणचार चालला. समालोचकाकडे सगळी मिळून वीसेक वाक्यं होती, त्यातलं "काय चुरशीचा सामना!" हे त्याने दोनदा वापरलं.

आणि मग घात झाला. चेंडू उजव्या कोपऱ्यात थोरल्याच्या नऊ नंबरकडे आला, आणि त्याच्या अंगठ्यांनी मालकाला न विचारता जुनी चाल खेळली. आत वळण, एक हूल, लांबच्या खांबाकडे फटका. गोल! थोरला सोफ्यावरून उडालाच. आरोळी तोंडातून निघून गेली. मग सकाळचं बाथरूम आठवलं आणि वर गेलेले हात खाली आले.

"वा दादा, वा!" धाकट्याने त्याला मिठी मारली. दहा वर्षांतली ही पहिलीच मिठी, आणि आनंद मनापासूनचा होता.

थोरला हातपाय गाळणाऱ्यांतला नव्हता. त्याने चेंडू मागे नेला, आणखी मागे नेला, गोलकीपरला बाजूला काढलं आणि स्वतःच्याच जाळ्यात घातला. "अरेरे, बोट घसरलं." धाकट्याने डोळे चोळले. "मला हल्ली दिशाच दिसत नाही रे नीट," असं अर्ध्या शहराला चष्मे लावणारा तो माणूस म्हणाला, आणि त्यानेही आपल्या जाळ्यात एक घातला. मग थोरल्याने एक. मग धाकट्याचं बटण अडकलं, नेमकं आपल्याच गोलपुढे. मग पुन्हा थोरल्याचं बोट घसरलं. "दोन्ही संघ जिवाचं रान करतायत!" समालोचक म्हणाला.

आई मागे खुर्चीवर बसून बघत होती. पूर्वीही ती अशीच बसायची, मांडीवर शिवण घेऊन. तिला यातलं ओ का ठो कळत नाही, अशी दोघांची तेव्हाही खात्री होती.

तीन-तीनवर शेवटची शिट्टी झाली.

"बरोबरी," थोरला म्हणाला. "आता काय करायचं?"

"आण इकडे," आई म्हणाली.

तिने त्याच्या हातातून चांगला कंट्रोलर घेतला. तिचे अंगठे टपटप चालले; दोन पानं मागे, तीन ओळी खाली. लीगचं पान उघडलं. संघाचं नाव थोरल्याने शाळेत असताना ठेवलेलं. प्रशिक्षक म्हणून थोरल्याचंच नाव. हंगाम एकतिसावा. क्रमांक पहिला.

"हे कोण खेळलं?" थोरल्याने विचारलं.

"तू नोकरीला गेलास तेव्हा तुझा संघ शेवटून दुसरा होता. म्हटलं, बुडू द्यायचा नाही. सुट्टीला आलास की तुझ्या हवाली करीन. तू सुट्टीला आलास, पण कधी विचारलं नाहीस. मग राहिला माझ्याकडेच."

थोरल्याला लाज वाटली. कान तापवणारी, उघडी लाज. धाकटा चष्मा पुसत बसला.

"आई," थोरला म्हणाला, "परत एक मॅच लावू. खरी."

"निकाल लागला की रे. आपल्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या शिवणवालीची मागची खोली मी मंगळवारीच ठरवली. दोनच पायऱ्या आहेत. तिलाही सोबत हवी आहे. तिला ऑफसाइड समजवायला जरा वेळ लागेल, पण शिकेल."

"मग आम्हाला कशाला खेळवलंस?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"एक जण जरी जिंकायला खेळला असता," आई म्हणाली, "तर खोली नको म्हणून सांगणार होते."

मग आई उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि टीव्हीची वायर काढू लागली. तो आज खाली न्यायचा होता. दोघे भाऊ एकदमच उठले.

"मी नेतो."

"नको दादा, मीच नेतो. तुझी पाठ."

"पाठीला काय झालंय? सरक."

"भांडू नका," आई म्हणाली. "हवं तर मॅच लावा."

या वेळी दोघांनीही चांगल्या कंट्रोलरकडे हात घातला. पण तो आईच्या हातात होता, आणि तिने काही तो सोडला नाही.