वरातीतली हिरवी रेघ

मी फुलसिंगच्या डीजेच्या गाडीवरचा हिरवा लेझर. कान किटवतो तो माझ्या शेजारचा भोंगा. मी आपला मुका. पण आज मला बोलायचंय.

कारखान्यात माझ्यापुढं भिंग बसवलं, तेव्हापासून मला पसरता येत नाही. घरातला बल्ब बिचारा आपला उजेड सगळ्यांना थोडा थोडा वाटतो. मी मात्र होता नव्हता तेवढा जोर एका रेघेत कोंबतो. रेघेच्या हातभर बाजूला उभे राहा, काही होत नाही. नेमका रेघेत डोळा आला की संपलं.

आभाळाकडं तोंड होतं तोवर बरं चाललं होतं. मग डोंगरकडा गावात भागवतची वरात निघाली. नेहमीसारखा उशीर, अंधार पडलेला. घोड्यावर नवरदेव आणि पुढं नाचून घामाघूम झालेली त्याची आई, नर्मदाबाई.

"फुलसिंगभाऊ, माझं लेकरू मोबाईलमधी दिसूनच न्हाई राहिलं! मार की उजेड त्याच्या तोंडावर. भागवत, हिकडं बघ!"

फुलसिंगनं मला खाली वाकवलं. भागवत हसत माझ्याकडंच बघत राहिला.

गाडी मंडपाबाहेर उभी होती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. मुलगी बघायला गेला तेव्हा लाजून पोह्यांच्या बशीकडंच बघत बसलेला हा गडी आज नवरीला, पुनमला, डोळे भरून पाहणार होता. त्याला तिच्या मुंडावळ्या दिसल्या, हातातला हार दिसला. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

"आई, हिचं तोंड काहून दिसत न्हाई?"

सगळे हसले. नर्मदाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

पुढं तीच फुलसिंगच्या दारात आली. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यांचे पडदे मधोमध भाजलेत, इलाज नाही. "फोड त्याला," माझ्याकडं बोट दाखवून ती म्हणाली, आणि खाली बसून स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागली. "मीच म्हणले व्हते रे, मार म्हून!"

पुनमला बघायचं तर भागवतला आता तिच्या बाजूच्या भिंतीकडं बघावं लागतं. मग कडेनं जराशी दिसते. तिला सगळं समजतं, तरी ती रडते, असं नर्मदाबाईच सांगत होती.

फुलसिंगनं मला फोडलं नाही. लग्नसराई आहे. आज कळमनुरीला वरात, मला पुसून पुन्हा गाडीवर चढवलंय. बाबांनो, पापणी तुम्हाला आहे, मला नाही. मी समोर आलो की हसू नका, तोंड फिरवा.

पण या आवाजात माझं कोण ऐकणार? घोडा आलाय. मोबाईल उंच धरून एक बाई पुढं येतेय.

"ओ भाऊ, उजेड मारा की माझ्या लेकरावर!"