यांच्या अंघोळीचं पाणी

आमच्या पाथर्डी फाट्याच्या घरात नळाला बोअरचं पाणी येतं. बादलीवर पांढरे थर चढतात, डाळ शिजता शिजत नाही. पण गिझरच्या पोटात कोण बघायला जातंय?

घरात आम्ही दोघंच. मी जन्मभर गार पाण्याने अंघोळ केली आणि त्याचा तोराही मिरवला. गिझर होता तो फक्त यांच्यासाठी. मागच्या थंडीत हे रोज न्हाणीतून हाक मारायचे, "अगं, पाणी गार येतंय."

"गिझरचा दिवा लागलाय. पाणी नाही गार, तुमचं रक्त गार पडलंय," मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे.

पुढे पुढे त्यांनी सांगायचं सोडलं. अंघोळ करून कुडकुडत ओट्यावर उन्हात बसायचे. मला वाटलं, खोड मोडली. माघात हे गेले.

आता वर्षश्राद्धाला लेकी येणार, म्हणून गिझरवाल्या दीपकला बोलावलं. त्याने कॉईल बाहेर काढली. तिच्यावर बोटभर जाड क्षार बसला होता.

"आजी, हे दोन-तीन वर्षांचं आहे. असं झालं की दिवा लागतो, पण पाणी नीट तापत नाही. कोणी बोललं नाही का तुम्हाला?"

"बोलले होते," मी म्हणाले.

नवी कॉईल बसवून तो गेला. मी यांची बादली नळाखाली ठेवली. पाणी वाफाळत आलं. त्यात हात घालून पाहिला, पहिल्यांदाच.